कांताबाईनं तयार केलेला माणूस

तुमच्या धर्मात यायच्या आधी तुम्हाला कोणी प्रश्न विचारले होते का? खोटं बोलतोस का, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतोस का, घरातल्या बाईवर हात उचलतोस का, असे प्रश्न? मला नाही विचारले. माझ्या आज्यानं छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, प्रतिज्ञा त्यानं म्हटल्या, मी आयता जन्मलो. तुम्हीही बहुतेक आयतेच. आणि असेच आयते लोक बसस्टँडवरच्या टपरीवर चहा पीत सांगतात, की जंगलातली माणसं तांदळाच्या पोत्यापायी धर्म बदलतात. त्यांच्याशी मी पुष्कळ भांडलो. आता भांडण बाजूला ठेवतो आणि एका माणसाची तयारी कशी झाली, तेवढंच लिहितो. मी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतला नाही. ग्रामसभांच्या कामासाठी त्या भागात फिरतो, शिकवणारीच्या आणि शिकणाऱ्याच्या, दोन्ही घरी माझं जाणंयेणं आहे, म्हणून मला माहीत.

तयारी करणारी बाई म्हणजे कांता. धानोऱ्याजवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण. माहेर गडचांदूरकडचं, बाप चुनखडीच्या खाणीवर होता. नवरा ट्रकवर, वर्षातला बराच काळ रस्त्यावर. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलं आहे. शाळेतली पोरं मुख्याध्यापकाला भीत नाहीत, कांताबाईच्या पळीला भितात.

तिची मंडळी लहान. पत्र्याचं प्रार्थनाघर, आत लाकडी बाकं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. एरवी सगळा कारभार गुणवंतराव बघतात. ते निवृत्त शिक्षक, मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ, शब्दाला वजन. नवीन कोणी बाप्तिस्मा मागितला की त्याला आधी शिकवावं लागतं. हे काम कांताकडे आलं, कारण दुसऱ्या कोणाला नको होतं.

तिची पद्धत तिची स्वतःची. पुस्तक ती फार उशिरा उघडते. आधी माणसाला काहीतरी करायला लावते. आणि ते झालं की नाही, हे त्या माणसाला विचारत नाही. ‘तुले काय विचारू? तू तं चांगलंच सांगशीन. तुह्या घरी येते अन् घरच्यायले विचारते.’ खरोखर जाते. रविवारी दुपारी भांडी आवरून, चप्पल घालून, दोन गावं ओलांडून जाते. घरच्यांनी ‘हो, बदलला’ म्हटलं तरच पुढचा धडा. अशा घरोघरच्या परीक्षेत पुष्कळ जण गळाले. एक जण तर बायकोला आधी पढवून आला होता. बायकोनं सगळं पाठ म्हटलं आणि शेवटी म्हणाली, ‘असं सांग म्हणे तुमाले.’

झिंगू तिच्याकडे आला तो खाटेमुळे.

झिंगू गोंड, धानोऱ्याच्या पुढच्या एका गावचा. त्याचा थोरला भाऊ देवाजी तापानं आजारी पडून गडचिरोलीला दवाखान्यात गेला आणि तिथंच वारला. जीपमध्ये खाटेवर प्रेत, झिंगू आणि देवाजीची बायको सोमारी. कांता गडचिरोलीच्या बाजारातून परत येत होती. बस चुकली होती, म्हणून ती त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. धानोऱ्याला उतरायचं होतं, उतरली नाही. गावाच्या अलीकडे नाल्यावरचा रपटा फुटलेला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी पुढं नाही जात. त्यानं खाट खाली ठेवली आणि जीप वळवली. खाटेला चार टोकं आणि माणसं दोन. कांतानं पदर खोचला आणि पायाकडची बाजू उचलली. गावातली माणसं सामोरी येईपर्यंत तिनं ती सोडली नाही. तिचं बाजाराचं सामान जीपमध्येच राहिलं ते राहिलंच.

वाटेत झिंगूनं विचारलं होतं, ‘बाई, तू कोणाची?’

‘चाल, आधी नेऊ,’ ती म्हणाली. एवढंच.

दवाखान्यात देवाजीनं भावाला एक गोष्ट सांगितली होती: सोमारीले परकी नको करू. झिंगू ‘हो’ म्हणाला होता. गोंडांत रीत आहे, थोरला गेला तर धाकट्यानं भावजयीच्या हातात बांगड्या भरायच्या, म्हणजे ती त्याची बायको होते, तिचं घर सुटत नाही. झिंगूला आधीची बायको होती, चैती. गावानं चैतीला विचारलं. ती म्हणाली, ‘वेगळी चूल मांडा. मंग माही ना नाई.’ दिवस झाले, गावासमोर बांगड्या भरल्या, एका अंगणात दोन चुली झाल्या. सोमारीची पोरगी आश्रमशाळेत आली, म्हणजे कांताच्या पळीखाली.

पोरीला भेटायला आला, तेव्हा झिंगू स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. ‘मले तुमच्यातला व्हाचं हाय,’ म्हणाला.

कांता भाजी चिरत होती. ‘कायले?’

‘तुनं खाट उचलली.’

‘खाट उचलाले बाप्तिस्मा नाई लागत. तो भार वेगळा राह्यते. झेपन का?’

‘सांग तं. झेपवून पाहू.’

पहिला धडा तिनं दिलेल्या शब्दाचा ठेवला. झिंगूनं शेजाऱ्याला छपराचे कवेलू फेरून देतो म्हणून त्याच्याकडची मोहाची प्यायली होती, एकदा नाही, दोन उन्हाळे. छप्पर तसंच गळत होतं. कांता म्हणाली, ‘शब्द दिला तं दिला. आपल्यात तो मंग मोडता येत नाई. आधी त्याचं घर.’ झिंगूनं छप्पर उतरवलं, फुटके कवेलू काढले, नवे लावले. शेजारी म्हणाला, आता पुन्हा पाजू का? झिंगू म्हणाला, नको. दारू सुटणं त्याला फारसं जड गेलं नाही. जड गेलं ते पुढचं.

दुसरा धडा खरं बोलण्याचा. तिकडं तेंदूपानाचा हंगाम आता ग्रामसभाच चालवतात. घरोघर पानं तोडायची, सत्तर पानांचं पुडकं बांधायचं, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, आणून मोजून द्यायचं. पुडक्याच्या वर-खाली चांगली पानं आणि मधे फाटकी, किडकी, हे सगळेच करतात. ठेकेदाराचा माल होता तेव्हा मी त्याला चोरी म्हणत नव्हतो, आजही म्हणणार नाही. पण आता माल ग्रामसभेचा, म्हणजे आपण आपल्यालाच फसवतो, हे मी सभेत सांगून सांगून घसा बसवला होता. कोणी ऐकलं नाही. मी तावातावानं सांगत होतो, हे एक कारण असेल.

त्या वर्षी हंगामानंतरच्या सभेत झिंगू उभा राहिला. ‘माह्या पुडक्यात मधात फाटके पानं रायत होते,’ म्हणाला. ‘आता नाई राह्यणार.’

मग मागून एक आवाज आला, ‘बस ना बे खाली.’

दुसरा म्हणाला, ‘येशूनं सांगतलं का तुले, गावाची इज्जत काढाले?’

एक म्हातारी कान पुढं करून बसली होती. तिनं शेजारणीला विचारलं, ‘म्हंजे आता आपलेबी सोडून पाह्यतीन का?’ आणि सभा हसायला लागली. पण ठराव झाला. पुढच्या हंगामात पुडकी सोडून बघायला लागले, आणि सबंध उन्हाळा फळीवर झिंगूच्या नावानं शिव्या पडत होत्या.

कांता रिवाजाप्रमाणे घरी गेली. चैतीला विचारलं, ‘कसा हाय हा आता?’

‘खरं बोलते,’ चैती म्हणाली. ‘लय तरास हाय.’

त्या घरची एक गोष्ट इथंच सांगतो. पहिल्यांदा गेली तेव्हा कांता चैतीच्या चुलीवरचा काळा चहा पिऊन उठली. पलीकडं सोमारी हातात गिलास धरून उभी होती. झिंगू म्हणाला, ‘बाई, इथी एका चुलीचा पिऊन गेलं तं दुसरीचा अपमान होते.’ कांता पुन्हा बसली. तेव्हापासून ती त्या घरी दोन चहा पिते, आधी चैतीचा, मग सोमारीचा.

म्हणजे दोन बायकांचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मंडळीचा नियमही माहीत होता: बाप्तिस्मा घेणाऱ्याला एकच बायको. स्वयंपाकिणीला कळतं, ज्याला शिजायला वेळ लागतो ते आधी चुलीवर चढवायचं. दारू झाली, शब्द झाला, खरं बोलणं झालं, वैऱ्याकडं जाऊन बसणं झालं, प्रार्थना झाली, प्रभूची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली. ही एक गोष्ट मात्र तिनं चढवलीच नाही. तिला वाटलं, झिंगूला बघून मंडळीचं मन बदलेल. निदान कोणी खोदून विचारणार नाही. ज्या माणसाला तिनं दीड वर्ष खरं बोलायला शिकवलं, तो ऐन वेळी गप्प बसेल, असा तिचा हिशेब होता. पळी धरणारी बाई असली तरी चूक ती चूक.

बाप्तिस्म्याच्या आधी त्या मंडळीत उमेदवाराला सगळ्यांसमोर उभं करतात. कोणीही काहीही विचारू शकतं. झिंगूनं मला बोलावलं होतं, मी मागच्या बाकावर होतो. झिंगूनं पांढरा सदरा घातला होता, घड्या न मोडलेला. मागच्या बाजूला चैती आणि सोमारी चटईवर.

गुणवंतरावांनी विश्वासाबद्दल विचारलं. झिंगूनं सांगितलं, आपल्या शब्दांत, पाठ केल्यासारखं नाही. पाळकसाहेब मान डोलवत होते. तुझा छळ झाला तर? ‘फळीवर झाला ना जी.’ लोक हसले. सगळं नीट चाललं होतं.

‘घरात कोण कोण?’ गुणवंतरावांनी सहज विचारलं.

‘मी, चैती, सोमारी, पोरं.’

‘सोमारी म्हणजे तुझ्या भावाची बायको.’

‘होती जी. आता माही हाय.’

गुणवंतराव काही दुष्ट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि झिंगूसाठी वाट काढून दिली. ‘म्हणजे तू तिला सांभाळतोस. भाऊ गेला, तिला कोणी नाही, म्हणून. भावजय म्हणून सांभाळतोस. असंच ना, झिंगू?’

सगळी मंडळी त्या एका ‘हो’ची वाट बघत होती. एकट्या त्यांचं नाव कशाला घेऊ, मीही बघत होतो. झिंगूनं कांताकडं पाहिलं. कांता जमिनीकडं बघत होती.

‘नाई जी,’ झिंगू म्हणाला. ‘बांगड्या भरल्या ना म्या तिच्या हातात. गावासमोर.’

मंडळीनं बसून विचार केला. निर्णय असा झाला: सोमारीला घर द्यावं, धान्य द्यावं, पोरीचं शिक्षण करावं, पण मंडळीसमोर बांगड्या उतरवून ती बायको नाही असं झिंगूनं सांगावं. मग पाणी. आणि पाणी जवळ आलं होतं. पुढच्या महिन्यात कठाणी नदीवर बाप्तिस्मे ठरले होते.

कांता त्या आठवड्यात झिंगूच्या घरी गेली. आधी चैतीचा चहा झाला. मग सोमारीचा आला.

‘तुनंच तं सांगतलं,’ झिंगू म्हणाला. ‘शब्द दिला तं दिला.’

‘सांगतलं.’

‘मंग?’

‘मंग काई नाई. हे मले सगळ्यात आधी सांगाले पाह्यजे होतं. म्या नाई सांगतलं.’

सोमारी चुलीपाशी बसून होती. ती म्हणाली, ‘मी जास्त झाली काय तुमच्या देवाले?’

‘देवाले नाई,’ कांता म्हणाली. ‘आमाले.’

सोमारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं डाव्या हाताच्या बांगड्यांना हात घातला. ‘एवढंच ना? मी काढते. याले लय दिवसाची आस हाय. मी इथीच राह्यणार, चूलबी इथीच. बांगड्यायचं काय.’

झिंगूनं तिचं मनगट धरलं. ‘मले पाण्यात जाचं हाय,’ तो म्हणाला. ‘पण देवाजीले म्या हो म्हटलं हाय. हे काढून नाई जाचं.’

‘अन् काढ तं पाहू,’ चैती पलीकडून म्हणाली. ‘जंगलात सरपणाले माह्यासंग कोण येईन? येशू येते का?’

कांता हसली. मग डोळे पुसले, धुराचं नाव करून, आणि तिथून तडक गुणवंतरावांच्या घरी गेली.

ही गाठभेट मला दोघांनीही सांगितली आणि दोघांचं सांगणं जुळतं. गुणवंतराव तिला म्हणाले, ‘हा नियम कोणी गोऱ्या साहेबानं वरून टाकला, असं नको समजू. माझी आजी दोघींतली मोठी. आजोबानं धाकटी आणली, त्या दिवसापासून आजी मरेपर्यंत गोठ्यात झोपली. आमच्या घरच्या बायकांनी हा नियम मागून घेतला आहे, कांता.’

या बोलण्यात तथ्य आहे. मला ते आधी माहीत नव्हतं आणि माहीत असतं तर मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात एवढा तडतडलो नसतो.

कांता म्हणाली, ‘मंग सोमारीले विचारा ना, ते काय मांगते. आजीले नवऱ्यानं गोठ्यात झोपवलं. हिले आपण झोपवतो.’

‘एकासाठी नियम सोडला तर उद्या दहा जण दोन-दोन बायका घेऊन येतील.’

‘येतीन त्यायची परीक्षा माह्याकडे. घरी जाऊन विचारीन दोघींले.’

‘तू भांडतेस.’

‘भांडतेच.’

गुणवंतरावांनी तिला घालवून दिलं नाही. त्यांनी वरच्या समितीला पत्र लिहिलं, सगळी हकीकत जशीच्या तशी, स्वतःचं मत न घालता. हे त्यांचं मोठेपण मानायचं की अंग काढून घेणं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी दोन्ही मानतो. समितीकडून आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

कठाणीवर बाप्तिस्मे झाले. दुसऱ्या दोघांचे झाले. झिंगू गेला, दोन्ही बायकांना घेऊन गेला. पाळकसाहेबांनी एकेकाला पाण्यात बुडवून वर काढलं. काठावर कोरडे कपडे घेऊन उभं राहायचं काम असतं, ते झिंगूनं केलं. पहिला माणूस थंडीनं कुडकुडत बाहेर आला, तेव्हा झिंगूनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि पाठ चोळली, जशी घरच्या पोराची चोळतात. त्याचा तो पांढरा सदरा कोरडाच होता.

परत प्रार्थनाघरात प्रभुभोजन झालं. भाकर आणि द्राक्षरसाच्या लहान-लहान पेल्यांचं ताट बाकाबाकावरून फिरतं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला तेच घेतात. झिंगू शेवटच्या बाकावर, त्याच्यापाशी ताट जात नाही. कांताही त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली होती, त्याच्याशेजारी. तिच्यापर्यंत ताट आलं. तिनं दोन्ही हातांनी ते धरलं आणि तसंच परत दिलं.

गुणवंतराव थांबले. ‘कांता?’

‘तो घेईन तवा घेईन,’ ती हळू आवाजात म्हणाली.

तेव्हापासून पाळकसाहेब येतात, ताट फिरतं, ती परत देते. पाळकसाहेबांनी समजावलं, हा गर्व आहे, गर्व पाप आहे. ती म्हणाली, असंल. नवरा म्हणाला, लोक हसून राह्यले. ती म्हणाली, हसू द्या. नवीन माणसं शिकवायचं काम मात्र तिच्याकडून कोणी काढून घेतलं नाही. अजूनही दुसऱ्या कोणाला ते नको आहे. ती शिकवते. फरक एवढाच, की आता पहिल्याच दिवशी ती मंडळीचे सगळे नियम सांगते, सगळ्यात जड आधी. काही जण तिथूनच परत जातात.

मी तिला एकदा तोंडावर विचारलं, हे नाटक कशाला?

ती पोळ्या लाटत होती. ‘नाटक कायचं, भाऊ? त्याले अर्ध्या पाण्यात म्या आणला. त्याले तिथी सोडून मी काठावर जाऊन जेवू का?’

मला देवाचं काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. पण तयारी म्हणजे काय, हे मी झिंगूकडं बघून सांगू शकतो. तो दर रविवारी येतो. बाकं पुसतो. गाणी त्याला आता सगळी येतात; गोंडीत वळवून घेतलेलं एक तो स्वतः म्हणतो आणि सोमारी मागून धरते. तेंदूच्या हंगामात फळीवर त्याचं पुडकं कोणी सोडून बघत नाही. उत्तर आलं का, असं तो गुणवंतरावांना विचारत नाही. गुणवंतरावच त्याला सांगतात, ‘अजून नाही रे.’ तो म्हणतो, ‘येईन जी.’

तेव्हा तुम्ही कधी धानोऱ्याकडं आलात आणि त्याच्या गावापर्यंत गेलात, तर त्याला बाप्तिस्मा झाला का, असं विचारू नका. अंगणात दोन चुली दिसतील. चैतीच्या हातचा चहा घ्या, आणि लगेच उठू नका. सोमारीचाही घ्या.